तोच दिवस पुन्हा पुन्हा : टाइम-लूपचे सिनेमे आणि तुमचा धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत एका इंग्रजी सिनेमाचा उल्लेख आला आणि वेळ संपल्यामुळे विषय अर्धाच राहिला. तो आज इथे पूर्ण करूया. सिनेमाचं नाव 'ग्राउंडहॉग डे'. १९९३ सालचा आहे, विनोदी आहे, आणि धंद्याशी त्याचा वरवर पाहता काडीचाही संबंध नाही. तरी नवीन दुकान, घरगुती उद्योग किंवा सर्व्हिसचं काम सुरू करणाऱ्याने तो वही-पेन घेऊन बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

धंदा सुरू करताना आपल्याला वाटतं, आता रोज काहीतरी नवीन घडणार. सहा महिन्यांत कळतं की रोज तेच घडतं. तेच शटर, तोच झाडू, तीच बोहनीची वाट बघणं, तोच सुट्ट्या पैशांचा घोळ, तेच "दादा, थोडं कमी करा ना". तोटा होत नसतो, पण माणूस आतून कंटाळतो. आणि कंटाळलेला दुकानदार गिऱ्हाइकाला लांबूनच ओळखू येतो. या सिनेमात एक प्रसंग आहे. एकच दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागणारा नायक एका बारमध्ये दोन स्थानिक माणसांना विचारतो, की तुम्ही एकाच जागी अडकलात, रोजचा दिवस हुबेहूब सारखाच असला आणि तुम्ही काहीही केलंत तरी फरक पडत नसला, तर काय कराल? त्यातला एक जण खिन्नपणे म्हणतो, माझं आयुष्य असंच आहे की! प्रेक्षक हसतात. मला वाटतं, दुकानदार प्रेक्षक जरा कमी हसत असतील.

आधी गोष्ट थोडक्यात

टाइम-लूप म्हणजे काळाचा फेरा. नायक सकाळी उठतो तर कालचाच दिवस पुन्हा सुरू झालेला असतो. बाकीच्यांना काही आठवत नाही, फक्त त्याला आठवतं. अशा सिनेमांमध्ये बऱ्याचदा तो दिवस सणाचा असतो, बहुतेक वेळा नाताळचा. याचं कारण सोपं आहे. सणाच्या दिवशी आपण कोणाला वेळ देतो आणि कोणाला टाळतो, हे लपत नाही.

'ग्राउंडहॉग डे'मधला सण मात्र वेगळा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात पंक्सटॉनी नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे दर २ फेब्रुवारीला पहाटे गाव जमतं आणि ग्राउंडहॉग नावाच्या प्राण्याला बाहेर काढतं. हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा अजून सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर, असं भाकीत. १८८७ पासून हा प्रकार तिथे चालू आहे. आपल्याकडे पावसाच्या नक्षत्रांची वाहनं बघून अंदाज बांधतात ना, त्याच जातीची ही गंमत.

या सोहळ्याचं वार्तांकन करायला पिट्सबर्गच्या टीव्ही चॅनेलवरचा हवामान सांगणारा फिल कॉनर्स येतो. ही भूमिका बिल मरे यांनी केली आहे, दिग्दर्शन हॅरोल्ड रॅमिस यांचं, मूळ कल्पना डॅनी रुबिन यांची. फिल म्हणजे हुशार, तोंडाळ आणि सगळ्यांना तुच्छ लेखणारा माणूस. हिमवादळामुळे त्याला गावातच मुक्काम करावा लागतो. सकाळी सहाला रेडिओचा गजर वाजतो, तेच गाणं लागतं, आणि पुन्हा २ फेब्रुवारी. मग पुन्हा. मग पुन्हा. असे किती दिवस गेले, हे सिनेमा सांगत नाही. फेरा का सुरू झाला, तेही सांगत नाही. लिखाणाच्या एका टप्प्यावर त्याला शापाचं कारण जोडलेलं होतं, ते काढून टाकलं. बरं झालं. कारण कळलं असतं तर आपण ते कारणच धरून बसलो असतो.

"हे गिऱ्हाईक परत येणार नाही"

फिलच्या लक्षात येतं की उद्या नाहीच, म्हणजे परिणामही नाहीत. मग तो सुटतो. रेल्वेच्या रुळांवर गाडी चालवतो, हॉटेलात टेबल भरून गोडधोड खातो, पैशांच्या गाडीतून थैली उचलतो. सकाळी सगळं कोरं.

आता हायवेवरचा एखादा धाबा किंवा तीर्थक्षेत्राच्या दारातलं एखादं दुकान आठवा. शिळा वडा गरम करून देणारा, वजनात मारणारा, नारळाचा भाव माणूस बघून सांगणारा. त्याच्या डोक्यात काय चालू असतं? हे गिऱ्हाईक परत येणार नाही. त्याच्यासाठी रोजची सकाळ कोरी. तो फिलच्या याच टप्प्यावर अडकलाय, फरक इतकाच की फिलच्या जगात खरंच काही उरत नव्हतं आणि याच्या जगात उरतं. लोक घरी जाऊन सांगतात, मोबाईलवर फोटो टाकतात. पुढची बस शेजारच्या धाब्यावर थांबते आणि आपली का थांबली नाही, हे याला कळतही नाही.

सिनेमात मात्र एक गोष्ट मजेशीर आहे. फिलच्या खिशातले पैसे रोज सकाळी होते तितकेच होतात. मिळवलेलं राहत नाही, उधळलेलंही कमी होत नाही. फेऱ्यातून दुसऱ्या दिवसात एकच वस्तू जाते : त्याला जे कळलंय आणि हाताला जे जमायला लागलंय ते. तो एका बाईंकडे पियानो शिकायला जातो. त्या बाईंच्या दृष्टीने हा रोज नवाच विद्यार्थी, रोज पहिलाच धडा. पण त्याची बोटं पुढे पुढे जात राहतात.

तुमचा गल्ला संध्याकाळी मोजून होतो आणि त्यातला बराचसा माल भरायला, भाड्याला, लाईटबिलाला जातोच. रोजच्या रोज तुमच्याकडे नक्की काय साठतं, याचा हिशेब मात्र फार कमी जण ठेवतात.

माहिती एकच, वापर दोन

आता मुख्य मुद्द्यावर येतो, इथे जरा हळू वाचा.

फिल एका बाईला तिचं नाव, शाळा, इंग्रजीच्या शिक्षिकेचं नाव असं सहज विचारून घेतो. दुसऱ्या दिवशी तीच माहिती वापरून "अरे, आपण एका वर्गात होतो!" असं नाटक करतो. डाव जमतो. मग हाच प्रयोग तो त्याच्या टीमची निर्माती रीटा हिच्यावर करतो. ही भूमिका अँडी मॅकडॉवेल यांची. तिला कोणतं पेय आवडतं, ती ग्लास उचलताना कशासाठी शुभेच्छा देते, कॉलेजात तिने काय शिकलं, सगळं तो रोज थोडं थोडं काढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी जणू आपल्यालाही तेच आवडतं असं दाखवतो. तिने फ्रेंच कविता शिकल्याचं सांगितलं तेव्हा आधी तो हसला होता. पुढच्या फेरीत तो फ्रेंच म्हणून दाखवतो. तयारी एकदम पक्की.

आणि तरी रोज रात्री रीटा त्याच्या कानाखाली मारून निघून जाते. एकदा नाही, ओळीने. तिला शंका येते की हा माणूस यादी पाठ करून आलाय. त्यातलं एक दृश्य मला फार मोलाचं वाटतं. एका संध्याकाळी दोघं बर्फाचे गोळे मारत खेळतात, सहज, आणि ती मनापासून हसते. दुसऱ्या दिवशी फिल तोच खेळ पुन्हा घडवायला जातो. तीच जागा, तेच गोळे, तेच हसणं, पण सगळं घाईघाईत आणि उसनं. ती बघत राहते. काहीतरी बिघडलंय हे तिला कळतं, काय ते सांगता येत नाही.

गिऱ्हाइकालाही असंच कळतं. वाढदिवसाला दुकानाकडून मेसेज येतो, नाव घालून, फुलांच्या चित्रासकट, आणि खाली "आज खरेदीवर १० टक्के सूट, फक्त आजच". तुम्ही स्वतः असा मेसेज आल्यावर काय करता? हल्ली आपल्याला सगळे सांगतात, डेटा गोळा करा, डेटा म्हणजे सोनं. मीही सांगतो, नाही म्हणत नाही. पण त्याचं करायचं काय, हे कोणी सांगत नाही. फिलकडे त्या गावातल्या माणसामाणसाचा डेटा होता. तो त्याने त्यांच्याकडून काहीतरी काढून घ्यायला वापरला, तोवर त्याचं काही खरं नव्हतं.

मग तो खचतो. जीव देऊन बघतो, पुन्हा सहाला गजर वाजतोच. शेवटी रीटाला सगळं खरं सांगतो. एक अख्खा दिवस ती त्याच्यासोबत थांबते आणि जाता जाता सुचवते की हा शापच असेल असं नाही, तू त्याकडे कसं बघतोस त्यावर आहे.

त्यानंतर गाव तेच, माणसं तीच, माहितीही तीच. बदलतो तो फक्त वापर. अमुक वाजता अमुक झाडावरून एक पोरगा पडणार, हे त्याला माहीत आहे, म्हणून तो धावत जाऊन त्याला झेलतो. (पोरगा रोज आभार न मानता पळून जातो आणि फिल रोज त्याच्या नावाने ओरडतो. सेवा देणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य पुन्हा पुन्हा बघावं.) म्हाताऱ्या बायकांची गाडी अमुक जागी पंक्चर होणार, म्हणून हा जॅक घेऊन आधीच हजर. हॉटेलात एकाच्या घशात घास अडकणार, हा नेमका शेजारी. सकाळी शूटिंगला येताना टीमसाठी कॉफी आणि खायला घेऊन येतो, ज्या कॅमेरामनला तो आधी विचारत नव्हता त्याच्यासाठीही. यातल्या कशाचेही पैसे त्याला मिळत नाहीत. पण त्या रात्री गावच्या कार्यक्रमात गंमत म्हणून अविवाहित पुरुषांचा लिलाव होतो, तेव्हा रीटा आपल्या खात्यातली सगळी शिल्लक, ३३९ डॉलर ८८ सेंट, त्याच्यावर लावते. आणि ती सकाळ उजाडते, जी ३ फेब्रुवारीची असते.

आता हे दुकानात आणा. समजा तुमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान शाळेजवळ आहे. सकाळी साडेसातला तीन-चार आया धापा टाकत येतात, कारण पोराने आत्ता सांगितलंय की आज चार्टपेपर लागणार. रोज नवी आई, तीच धावपळ. हा तुमचा पंक्चर होणारा टायर आहे आणि तो कुठे होतो, हे तुम्हाला माहीत आहे. मग दुकान आठला का उघडता? कोणत्या वर्गाला कोणत्या आठवड्यात काय लागतं, हे दोन वर्षांत तुमच्याइतकं कोणाला माहीत नसेल. ही माहिती भाव वाढवायला वापरता येते, गरजवंत आहेत, देतील. किंवा आदल्या संध्याकाळी चार्ट कापून, रबर लावून ठेवायला वापरता येते. दोन्हीत चार्टपेपर विकला जातोच. पण वह्यांची वर्षाची खरेदी जूनमध्ये त्या आया कोणत्या दुकानातून करतील?

एक गोष्ट मात्र सिनेमा प्रामाणिकपणे दाखवतो, ती गाळून चालणार नाही. गावात एक म्हातारा भिकारी असतो. तो त्या रात्री मरतो. फिल त्याला जेवू घालतो, दवाखान्यात नेतो, स्वतः छाती दाबून बघतो. तरी तो मरतोच. सगळं माहीत असूनही. तुमच्या गल्लीतला रस्ता सहा महिने खोदून ठेवला, शेजारी मोठं मॉल आलं, तर तुमच्या चांगुलपणाने दर वेळी मार्ग निघेल असं मी सांगणार नाही. असं सांगणारे ट्रेनर खूप आहेत.

रोजच नाताळ असता तर

ही कल्पना सिनेमाच्या आधीची आहे. विल्यम डीन हॉवेल्स या अमेरिकन लेखकाची 'ख्रिसमस एव्हरी डे' ही मुलांसाठीची गोष्ट १८९२ च्या संग्रहात आहे. एक मुलगी परीकडे मागते की वर्षभर रोज नाताळ असू दे. मिळतं. सुरुवातीला मजा, मग टर्कीचे भाव आकाशाला भिडतात, झाडं तोडून संपतात, भेटवस्तू घेऊन घेऊन लोक कंगाल होतात आणि शेवटी त्या वस्तू वैतागून फेकायला लागतात. श्रीमंत होतात फक्त मिठाईवाले आणि भेटवस्तू विकणारे दुकानदार, आणि ते इतके माजतात की आलेल्या गिऱ्हाइकाकडे धड बघतही नाहीत. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही! सीझनमधल्या दुकानदाराचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

याच धाग्यावर पुढे नाताळाचे बरेच फेरे आले. डिस्नेच्या १९९९ च्या एका चित्रपटात डोनाल्ड डकचे तीन भाचे रोज नाताळ मागतात. २०११ च्या '१२ डेट्स ऑफ ख्रिसमस'मध्ये नायिका केट नाताळची आदली रात्र बारा वेळा जगते. समोर चांगला माणूस बसलेला असतो आणि ती सोडून गेलेल्या मित्राला परत मिळवायच्या खटपटीत एकेक फेरी वाया घालवते. (सुटलेल्या मोठ्या ऑर्डरच्या मागे वर्षभर फिरणाऱ्यांनी हा बघावा. बाकी सिनेमा बेताचा आहे.)

या सगळ्यांत शेवटी कळतं ते एकच, की सणाला घरच्यांसोबत असणं ही साधी गोष्ट नायकाने गृहीत धरलेली असते. आता इथे आपली, म्हणजे धंदेवाल्यांची, पंचाईत आहे. नोकरदाराला सणाला सुट्टी असते. फराळवाल्या ताई, टेलर, फुलवाले, मिठाईवाले, पार्लरवाल्या, यांची वर्षाची कमाई त्याच दिवसांत. "कामापेक्षा कुटुंब महत्त्वाचं" हे वाक्य त्यांना ऐकवणं सोपं आहे, पण पोरांच्या शाळेची फी त्या वाक्यातून भरत नाही. म्हणून भावनेत न जाता आकडे मांडूया.

समजा तुमची चकली दिवसाला १५ किलो होते, दोन बायका मदतीला धरून. दिवाळीआधी दहा दिवस काम म्हणजे १५० किलो. तुम्ही ऑर्डर घेतल्या १८० किलोच्या, कारण नाही म्हणवत नाही. वरचे ३० किलो म्हणजे पूर्ण दोन दिवस. ते दोन दिवस कुठून येतात? रात्रीच्या झोपेतून आणि घरच्यांच्या वाट्यातून. किलोमागे १०० रुपये सुटतात असं धरलं, तर त्या दोन दिवसांचे तुम्हाला ३,००० रुपये मिळाले. त्यातून जास्तीची मजुरी वजा करा. शिवाय रात्री दोन वाजता तळलेला घाणा हमखास तेलकट नाहीतर कडक, आणि तो ज्या घरात जाईल ते घर पुढच्या वर्षी फोन करणार नाही. ही माहिती तुम्हाला नवी नाही. मागच्या दिवाळीलाही हेच झालं होतं, त्याच्या आदल्याही. पोरांनी पहाटे उठून अभ्यंगस्नान उरकलं आणि आई भट्टीपाशीच होती. तुम्ही फेऱ्यात आहात आणि तुम्हाला आठवतंय, तरी गजर वाजला की तेच करता.

३,००० रुपयांना ते दोन दिवस विकायचे की नाही, हा निर्णय तुमचा. एखाद्या वर्षी कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो, तेव्हा विकावेच लागतात, त्यात लाज नाही. पण किंमत माहीत असून विकणं वेगळं आणि नकळत फुकट देऊन टाकणं वेगळं.

गमतीची गोष्ट अशी, की हा सिनेमा पंक्सटॉनीत नाही, तर मुख्यतः इलिनॉय राज्यातल्या वुडस्टॉक नावाच्या गावात चित्रित झाला. त्या गावाचा ग्राउंडहॉगशी आधी काही संबंध नव्हता. आता तिथे दर फेब्रुवारीला या सिनेमाचा उत्सव भरतो, चित्रीकरणाच्या जागा दाखवत लोकांना फिरवतात, फिलचा पाय ज्या डबक्यात पडतो तिथेसुद्धा पाटी लावलीय. एका सिनेमाचा काही आठवड्यांचा मुक्काम गावाने कसा सांभाळून ठेवला बघा. यावर वेगळा व्हिडिओ करायचा विचार आहे.

तोवर या आठवड्याचा गृहपाठ. एक साधी वही घ्या, मोबाईल नको. सात दिवस, शटर ओढायच्या आधी पाच मिनिटं, आज जे कालसारखंच घडलं ते वेळेसकट लिहा : "१०:४० सुट्टे संपले", "१ वाजता गर्दीत माल उतरवायला टेम्पो आला", "संध्याकाळी सहाला काकू पुन्हा बिनसाखरेचं काही आहे का विचारून गेल्या". आठव्या दिवशी वही वाचा. जे तीनदा आलंय त्याखाली रेघ मारा आणि त्यातलं फक्त एक उचलून उद्या त्या वेळेच्या दहा मिनिटं आधी तयार राहा. सगळं एकदम करायला जाऊ नका, तीन दिवसांत सुटेल.

आणि ज्यांचा धंदा सीझनवर आहे, मग ती दिवाळी असो, गणपती असो नाहीतर लग्नसराई, त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर रोजची क्षमता आणि कामाचे दिवस यांचा गुणाकार करून ऑर्डर बंद करायची तारीख काढावी. ती घरी वाचून दाखवा, मग दुकानाच्या पाटीवर लिहा. खडूने नको, ऑइलपेंटने.